दिवाळीआधीचा नाताळ

येशूचा जन्मदिवस अलीकडे ओढण्याची हिंमत साऱ्या जगात एकाच माणसात होती, आणि ते माणूस म्हणजे आमच्या खर्डीच्या छोट्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या बाई. मी तिथे पेटी वाजवतो; म्हणजे बाईंचा सूर जिकडे जाईल तिकडे पेटी फरफटत नेत असे. पोरांनी गाणं ओरडूनच म्हटलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. "देवाला ऐकू येतं रे," त्या म्हणत, "मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना नाय येत." प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि बाईंचा एक उघडा, कारण तेवढ्यात पोरं खिडकीतून पसार होत. तो उघडा डोळा अधूनमधून माझ्यावरही फिरे.

पाड्यांवरची निम्मीअधिक पोरं दिवाळी सरली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडावर परतत. डिसेंबरात येशूजन्माच्या नाटकाला मेंढपाळसुद्धा उरत नसे. म्हणून बाईंनी नाताळ दिवाळीआधीच उरकायला सुरुवात केली. चर्चचे पाळकसाहेब हादरले. "बाई, तारीख ठरलेली आहे. वरिष्ठांना काय सांगू?"

"सांगा, आमचे देवदूत विटा थापाय जातात," बाई म्हणाल्या. "पोरं हायेत तवाच नाताळ."

विषय संपला. मात्र त्यामुळे नाताळ आणि भातझोडणी एकाच आठवड्यात आली, आणि आमच्या देवदूतांचे पंख म्हणजे पाठीला बांधलेली दोन सुपं. एका वर्षी ऐन नाटकात एक आई तरातरा पुढे आली. "खळ्यावर भात पडलंय, सूप दे गो," म्हणत मुलीच्या पाठीवरचं एक सूप सोडून घेऊन गेली. पोरगी रडवेली झाली. "एक हाय ना? चल, सांग काय सांगायचं ते," बाई म्हणाल्या, आणि एका पंखाच्या देवदूताने तारणाऱ्याच्या जन्माची सुवार्ता ठणठणीत आवाजात सांगितली. हसण्याच्या नादात माझा सूर गेला तो गेलाच.

गेल्या पावसाळ्यात बाई वारल्या. नव्या शिक्षिका गुणी आहेत, पोरांवर त्यांचा जीवही आहे. त्यांनी यंदाचा कार्यक्रम पंचवीस डिसेंबरला ठेवलाय, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नाही. परवा स्टेशनाबाहेर पाड्यावरची एक आई भेटली. कडेवर एक, हाताला एक.

"दादा, आमी दिवाळी झाली का निघू. पोरं इचारतात, आपला नाताळ कदी?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो, आणि माझी मलाच लाज वाटली. बाईंनी कोणाला विचारलं नसतं.