आईने मला दगड चाटताना पाहिलं

मंडळी, पेठच्या डोंगरात आमचा खनिज शोधायचा कॅम्प आहे आणि मी तिथली भूवैज्ञानिक. आज आई ओझरहून डबा घेऊन आली. खरं तर मला घरीच न्यायला आली होती. "हे काय तंबूत राहायचं वय आहे?" हे तिचं रोजचं पालुपद.

ती जेवण वाढत होती, तेवढ्यात ड्रिलिंगवाल्या भाऊंनी जमिनीतून काढलेला ताजा दगड आणून दिला. मी सवयीने पुसला आणि जिभेला लावला.

"अगं बाई! लहानपणी माती खायचीस म्हणून धपाटे दिले, आता पगार घेऊन दगड चाटतेस?"

सगळे हसले. मी म्हटलं, "आई, चिकणमाती असती तर जीभ चिकटली असती. म्हणजे आपलं खनिज तिथेच संपलं असतं."

भाऊ मशीन बंद करून उभेच होते. "मॅडम, थांबायचं का?"

"नाही, अजून खाली जाऊ द्या."

मशीन धडधडायला लागलं. आई बघतच राहिली.

निघताना बाबांचा फोन आला. आई म्हणाली, "नाही हो, कशी आणू तिला? तिने दगड चाखल्याशिवाय इथलं मशीन हलत नाही!"

तुमच्या घरच्यांनी तुमचं काम कधी जवळून पाहिलंय का? एकदा बोलवाच. डब्यासकट.