लढणारीचा शर्ट

दिवाळी सरली की तळोद्याच्या सकाळींना कापसाचा वास येऊ लागतो. सरकीचा तेलकट, उन्हात तापलेल्या गोणपाटाचा, थोडा धुळीचा. माझ्या घरासमोरच्या वळणावर पिकअप येऊन थांबते आणि खालच्या सपाटीवरच्या शेतांत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तिच्यात चढू लागतात. चहाचा कप हातात धरून मी ओट्यावरून त्यांच्याकडे बघत राहते. प्रत्येकीच्या अंगात साडीवरून चढवलेला पुरुषाचा शर्ट असतो. नवऱ्याचा जुना, भावाचा, दिराचा. एकीच्या खिशाला शाईचा डाग, दुसरीच्या कोपराला ठिगळ. बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटण लावलेलं, डोक्याला रुमाल. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे ध्यान पाहून हसू येतं. पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, एक दिवस काढलेला माणूस हसत नाही. बोंड उकललं की त्याची सालं वाळून टोकदार होतात आणि बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत ओरखडे काढतात; वरून ऊन, पानांवर फवारणीचा अंश, कातडीला खाज. तो शर्ट म्हणजे त्या बायांचं चिलखत. हा शब्द मी उगाच वापरत नाही. चिलखत कशाला म्हणायचं यावर माझ्या स्वयंपाकघरात एकदा चांगलीच चर्चा झडली होती, आणि तिला निमित्त झाला होता मोबाईलमधला एक गेम.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी दहावीसाठी माझ्याकडे राहायला आली, त्या वर्षीची ही गोष्ट. भाऊ कळसाडीला शेती करतो. मी इथे शाळेत मराठी शिकवते, एकटी राहते. पोरगी मला ‘फुई’ म्हणते. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. अभ्यासात बरी, बोलण्यात तिखट, आणि शाळेतून आल्यावर तासभर मोबाईलवर लढाई केल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. त्या गेममध्ये चार-पाच खेळाडूंचा गट करून दुसऱ्या गटाशी लढायचं असतं. कानाला लावायच्या त्या वायरीतून एकमेकांशी बोलताही येतं. कुणी आसामात बसलेला, कुणी सुरतेत, आणि आमची तळोद्याच्या पलंगावर मांडी घालून. मी आधी नाक मुरडलं. मग मास्तरकीची खोड म्हणून शेजारी बसून बघायला लागले.

तिने निवडलेली लढवय्यी बाई होती. लाल केसांची, उंच, हातात आपल्या कोयत्याच्या तिप्पट मोठं शस्त्र. पण अंगावर? खांद्यावर लोखंडाचा एक तुकडा, गुडघ्यावर एक, छातीवर जेमतेम एक, आणि मधला सगळा प्रदेश मोकळा. पायांत उंच टाचा. त्याच गटातल्या पुरुषाला बघावं तर पायांत जाडजूड बूट, अंगात जाड जाकीट, तोंडावर तलवारीचा वण, डोळ्यांत चार लढायांचा थकवा. वण हा मान असतो, तो त्याला दिलेला. हिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. गोळी लागली की तो गुरकावतो आणि ही असा काही सुस्कारा सोडते, की पहिल्यांदा ऐकून मी मोबाईलचा आवाज बारीक करायला लावला. शेजारी म्हणतील काय! आणि बघणाऱ्याची नजर सदा तिच्या पाठीमागून, थोडी खालून. ती डोंगर चढते तेव्हा डोंगर दिसत नाही. मला वाटायचं, हिला ज्याने घडवलं त्याने हिला लढाईसाठी घडवलं नाही, लढाई हे फक्त हिला उभं करायचं निमित्त आहे. चौकात कापडाच्या दुकानाबाहेर बाहुली उभी करतात, तिच्या हातात शस्त्र दिलं की झालं काम.

एका बाजारच्या दिवशी वहिनी आली. भाजीची पिशवी खाली ठेवून ती लेकीच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावली आणि तिचा चेहरा पडला. आता ही रागावणार, मोबाईल हिसकणार, असं मला वाटलं. पण वहिनीला राग आलाच नव्हता. तिला दया आली होती. ती हळहळून म्हणाली, “व माय! बिचारीले आंगभर कपडा बी नही! कोनी धाडी दिन्ही हिले आशी लढाले?”

पोरगी खो खो हसली. “आई, ती गरीब नही शे! तिना कपडाच तसा शेतस. चिलखत शे ते.”

“हाई चिलखत?” वहिनीने पदर कमरेला खोचला. “मन्हासंगे एक दिन कापूस येचाले धाड हिले. दुपारलोंग हात सोलाई जातीन. गडवरनी मायले अठरा हात शेतस, अठरा हातमा हत्यार शे, पन लुगडं आंगभर शे. तरी म्हैशासुर मारा ना तिनी?”

आमच्या लोकांचा गडावरच्या आईवर फार जीव. चैत्रात चालत जातात, तिच्या अकरा वारी लुगड्याची वर्णनं करतात. देवीने राक्षस मारला तो उघड्या पोटाने मारला असता तर जास्त मेला असता का, हा वहिनीचा प्रश्न मी अनेक विद्वानांच्या मांदियाळीत मांडायला तयार आहे. त्या संध्याकाळी भाचीने मात्र तो मनावर घेतला. गेममध्ये कपड्यांचं एक दुकान असतं. ती त्यात शिरली आणि आपल्या लढवय्यीसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट शोधत बसली. पंख होते, शिंगं होती, सशाचे कान होते, परीचा झगा होता, पोहायला जायचे कपडे होते. शेवटी मान वर करून म्हणाली, “फुई, सगळं शे. शर्टच नही शे.”

मग खेळू नकोस, असं मी सहज म्हणून गेले असते. एकदा म्हटलंही. त्यावर ती जे बोलली ते माझ्या मनातून अजून जात नाही. ती म्हणाली, “फुई, तिना कपडा माले बी आवडत नहीत. पन ती कोठे बी जास ना, तिले कोनीच इचारत नही, कोठे चालनी म्हनीसन.” कुठे निघालीस? आमच्या घरात पोरीने उंबरा ओलांडला की तो प्रश्न पाठीवर पडतोच. मी विचारते, भाऊ विचारतो, किराणावाला विचारतो, ओट्यावर बसलेला कुणीही विचारतो. त्यात काळजी असते, नाही असं नाही. पण त्या लाल केसांच्या बाईला जंगलात, पडक्या किल्ल्यात, नदीपल्याड कुठेही जाताना कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. तिच्या उघड्या पाठीची किंमत मोजून माझी भाची ते स्वातंत्र्य घेत होती. पोरीला इतका तोट्याचा सौदा करावा लागतो याचा मला राग येत होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

एक गोष्ट मला उशिरा समजली. पडद्यावर बाई घेतली होती, तरी आमची खेळत होती मुलगा म्हणून. नाव मुलाचं, आवाज सर्दी झाल्यासारखा जाड केलेला, आणि हिंदी सगळी पुल्लिंगी. “आ रहा हूँ,” “मर गया मैं,” असं ती बेधडक बोलायची. पुष्कळ मुलगे बाईचं पात्र घेऊन खेळतात म्हणे, त्यामुळे कुणाला शंका येत नसे. मुलीच्या आवाजात बोललं की काय होतं, हे तिला वर्गातल्या मैत्रिणींनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे पडद्यावर सगळ्यांना बाई हवी होती. तिच्या मागे खरी मुलगी असलेली मात्र कुणाला चालणार नव्हती.

आणि मग ती चुकली. आमच्या अहिराणीने तिला पकडून दिलं.

कापसाच्या दिवसांत संध्याकाळी ट्रॅक्टर निघायला लागला की शेताच्या टोकाला राहिलेली बाई डोक्यावर गाठोडं घेऊन पळत सुटते आणि ओरडते, “थांबा, मी उनी! मी उनी!” म्हणजे मी आले, मी आले. ही आरोळी पोरीने पाळण्यातून ऐकलेली. त्या दुपारी गेममध्ये तिचा एक साथीदार घायाळ होऊन पडला, मदतीला हाका मारू लागला, आणि त्याला वाचवायला धावताना ही आपलं सोंग विसरून आईच्या आवाजात ओरडली, “थांब रे भो, मी उनी!” मुलगा असता तर ‘उनू’ म्हणाला असता. एका ईकाराने घात केला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तेवढ्यात वायर निसटून मोबाईलमधून मोठ्याने आलेलं हसू, “अरे, ये तो लडकी है!” आणि पाठोपाठ अनेक आवाज. फोटो मागणारे. तू पण तुझ्या बाईसारखेच कपडे घालतेस का, असं विचारणारे. पुढचं मला इथे लिहवत नाही. ज्याला वाचवायला ती धावली होती, त्याचाही आवाज त्यांत होता. मी लाटणं घेऊनच बाहेर आले, पण लाटणं मारायचं कुणाला?

त्यांतल्या एकाला अहिराणी कळत होती, हे अधिक वाईट झालं. ‘उनी’ म्हणणारी पोर आपल्याच मुलखातली, हे त्याने ओळखलं आणि ओळखीपाळखीत विचारत विचारत ती कुणाच्या घरची तेही शोधून काढलं. गोष्ट कळसाडीजवळच्या म्हसावदच्या बाजारात फिरली आणि फिरता फिरता वाढली. भाऊ तडक आला. ओट्यावर बसला, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. “ताई, पोरनं नाव गावमा व्हई गयं. आते शाळा बस.”

मी म्हटलं, “चूक कोनी? जो घान बोलना त्यानी, का जिनी ऐकी लिधं तिनी?”

तो गावाचंच नाव पुढे करत राहिला. दोन दिवस ताणाताण चालली. शेवटी तडजोड झाली: शाळा चालू राहील, मोबाईल माझ्या कपाटात राहील, आणि पोरीचा आवाज घराबाहेर ऐकू येता कामा नये. पोरगी सगळ्याला मान हलवून हो म्हणाली. शाळा वाचली म्हणून मला बरं वाटलं, आणि मी मोबाईल कपाटात ठेवून दिला.

त्यानंतरचं वर्ष विचित्र गेलं. ती दहावी चांगली पास झाली, अकरावीलाही माझ्याकडेच राहिली. पण घरात काहीतरी कमी झालं होतं आणि मला ते सापडत नव्हतं. एक दिवस व्याकरणाचा तास घेताना लख्ख उजेड पडला. पोरगी ‘मी’ला क्रियापदच जोडत नव्हती. “मी जेवले” म्हणायची नाही. “जेवून झालं” म्हणायची. “मी आले” ऐवजी “येऊन झालं.” “मी गेले होते” ऐवजी “जावं लागलं.” माझ्याशी मराठीत, आईशी अहिराणीत, दोन्हीकडे तेच. आपल्या भाषेत बाईला बोलताना स्वतःची खूण क्रियापदाच्या शेपटीला बांधावी लागते, आणि हिने ती शेपटीच तोडून टाकली होती. आयुष्यभर मी मुलांना कर्तरी आणि भावे प्रयोग शिकवले. भावे प्रयोगात एखादी मुलगी लपून बसू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मी कधीतरी कपाटातला मोबाईल चार्ज करून तो गेम उघडायची. लाल केसांची ती तिथेच उभी असायची, श्वास घेत, जागच्या जागी डुलत. बोट लावलं की गोल फिरून पाठ दाखवायची. एक सुस्कारा सोडायची. तिच्याही तोंडी शब्द नव्हता, आणि मला दोघींकडे बघवत नसे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी कळसाडीला गेले होते. वेचणीला माणसं कमी, म्हणून घरचे सगळे शेतात. भाचीने वडिलांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. दिवस कलला. बाया ट्रॉलीत चढल्या, मीही चढले. भाऊ ट्रॅक्टरवर बसला, त्याने इंजिन सुरू केलं. वहिनी ओरडली, “थांबा व, मन्ही पोर ऱ्हायनी!” इंजिन सुरू होतानाच्या धडधडाटात ते भावाला ऐकूच गेलं नाही. ट्रॅक्टरने हिसका घेतला. बांधाच्या रस्त्यावर दोन-तीन पोरं मोटारसायकल लावून उभी होती. लांब पऱ्हाटीच्या टोकाला एक निळा शर्ट गाठोडं सांभाळत पळताना दिसला. आता ही नुसती धावणार, तोंड उघडणार नाही आणि मागे राहणार, असं मला वाटलं. 

“थांबा! मी उनी! मी उनी!”

शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं ते. मोटारसायकलवाल्या पोरांनी माना वळवल्या. एक हसला. ती थांबली नाही, आवाजही उतरवला नाही, आणखी एकदा ओरडली. भावाने मागे वळून पाहिलं. त्याने तो आवाज ओळखला होता आणि त्या पोरांनाही पाहिलं होतं. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. पोरगी येईपर्यंत तो समोर बघत बसून राहिला. ती आली, गाठोडं आत फेकलं, माझा हात धरून वर चढली.  वहिनीने तिला टेकायला जागा करून दिली.

यातून सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. ते आवाज कुठे गेलेले नाहीत; ते आता दुसऱ्या कुणा पोरीला फोटो मागत असतील. माझ्या कपाटात ती लाल केसांची बाई अजून तशीच उभी आहे, तिला कुणी शर्ट दिलेला नाही. आज सकाळी पिकअप निघून गेली, कापसाचा वास मागे राहिला, आणि आतून चपला चढवण्याचा आवाज आला. भाची दप्तर घेऊन माझ्या बाजूने ओट्यावरून उतरली. आज कॉलेजला सुट्टी आहे, हे मला माहीत होतं.

“फुई, मी चालनी,” ती म्हणाली.

‘कोठे?’ माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गार झालेल्या चहाबरोबर मी ते गिळलं, आणि ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.