सड्यावरचं उजवं वळण

लग्न ठरवताना मला सांगितलं होतं की मुलगा मालवणात रिक्षा चालवतो, घरचे काजू-आंबे आहेत आणि निर्व्यसनी आहे. निर्व्यसनी या शब्दावर मी अजून हसते. तो मोटरसायकलच्या शर्यतीत पळतो, ही गोष्ट मला हळद उतरल्यावर कळली, आणि तीही अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या गाडीमुळे. त्या गाडीला ना दिवा, ना आरसा, ना मडगार्ड.

आमच्या भागातल्या गावांची लीग आहे. क्रिकेटच्या लीग वाडीवाडीत झाल्या, तशी कुणाच्या तरी डोक्यातून हीही निघाली. तुळशीची लग्नं उरकली की सुरू होते आणि शिमग्यापर्यंत चालते. प्रत्येक गावाने आपल्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, माती टाकून, रोलर फिरवून लंबगोल ट्रॅक केलाय. एका शर्यतीत चार गाड्या, दोन्ही गावांच्या दोन-दोन, आणि चार फेऱ्या. पहिल्याला तीन गुण, शेवटच्याला भोपळा. एकदा आपण त्यांच्या गावी जायचं, एकदा त्यांनी आपल्याकडे यायचं. गाडीचा पुढचा ब्रेक काढून टाकतात, कारण वळणावर घाबरून कुणी तो दाबला तर मागचे सगळे त्याच्या अंगावर येतील. उरतो तो मागच्या चाकाचा ब्रेक, उजव्या पायाखालचा. त्याची जागा बदलायची नाही असा नियम आहे.

बाकीच्या गावांत डावीकडे वळत पळतात. डावा पाय मातीला घासत न्यायचा आणि उजवा ब्रेकवर ठेवायचा. आमच्याच गावात सगळं उलटं. आमच्या सड्यावर सपाट जागा एकच, आणि तिच्या मधोमध राखणदाराचा पाषाण. गावाची राखण करणाऱ्या देवाला प्रदक्षिणा घालायची ती त्याला उजव्या हाताला ठेवून. डाव्या हाताला ठेवून फिरणं हे आमच्यात मयताचं काम. तेव्हा ट्रॅक आखला त्याच दिवशी गावच्या जाणत्यांनी ठरवून टाकलं की इथे पळायचं तर उजवीकडेच वळून. त्या जाणत्यांत माझे सासरे सर्वांत पुढे.

उजवीकडे वळताना उजवा पाय खाली जमिनीवर, आणि ब्रेक तर त्याच पायाचा. म्हणजे आमच्या ट्रॅकवर वळणात ब्रेकच नाही. पाहुणे संघ यायचे, पहिल्याच वळणावर गोंधळायचे, पडायचे, आणि कपडे झटकत आमच्या गावाला शिव्या घालायचे. आमची मुलं मात्र सवयीने निघून जायची. बाहेरगावी आम्ही सडकून हरायचो आणि घरी सगळं भरून काढायचो. गाव म्हणायचं, राखणदार पावला. मी म्हणायचे, राखणदाराला तेवढाच उद्योग आहे का. पण हे मी स्वयंपाकघरात म्हणायचे.

माझा नवरा त्या उजव्या वळणाचा राजा होता. बघायला मलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू. तांबड्या धुळीतून तो आडवा होऊन यायचा तेव्हा माझ्याही तोंडून आवाज निघायचा. मग घरी आल्यावर तो बूट काढायचा आणि माझं सगळं कौतुक तिथेच संपायचं. बुटाला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टी मारून घेतली होती, तरी घोटा सुजून यायचा. मी निर्गुडीचा पाला बांधायचे. दुसऱ्या दिवशी तो तोच पाय घेऊन स्टँडपासून धक्क्यापर्यंत पर्यटकांना फिरवायचा. रिक्षाचा ब्रेकही उजव्याच पायाचा. आमचं घर त्या एका पावलावर चालत होतं, आणि हे मला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं.

यंदाच्या हंगामात आमचा संघ पहिल्यांदाच शेवटपर्यंत टिकला. शेवटची लढत आमच्याच सड्यावर होती, किनाऱ्याकडच्या एका गावाशी, आणि जो जिंकेल त्याची ढाल. त्याआधीच्या घरच्या लढतीत नवऱ्याचा घोटा असा मुरगळला की त्याला पायरी चढवेना. सासऱ्यांनी ते पाहिलं. मी संधी सोडली नाही.

"बाबा, तुमीच उजवा वळाण घातलास. आता तुमीच सोडवा," मी म्हटलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते मुलाच्या पायाशी टेकले आणि त्यांनी घोटा चाचपून पाहिला.

"माझ्या सांगण्यार काय आसा गो? देवाक इचारूक होया," ते म्हणाले. "कौल लावया."

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे देवळात गुरव तिथल्या पाषाणाला ओल्या फुलांचे कळे लावतो आणि प्रश्न घालतो. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गुरवाने प्रश्न घातला: सड्यावर डावीकडे वळून पळू दिलं तर राखणदाराला चालेल का. मी बायकांत उभी होते. माझा या सगळ्यावर विश्वास आहे की नाही हे मला त्या दिवसापर्यंत नक्की माहीत नव्हतं. मी कळ्यांकडे बघत होते. उजवा पडला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि शेजारच्या बाईने मला चिमटा काढला.

त्याच दिवशी आमच्या खळ्यात संघाची बैठक बसली. मी चहा ठेवला, साखर जरा सढळ हाताने टाकली. संघाचा कप्तान गॅरेजवाला, बोलण्यात वकिलाला ऐकणार नाही. त्याने चहा संपवला आणि कप बाजूला ठेवला.

"देवान परवानगी दिल्यान," तो म्हणाला. "हुकूम खंय दिल्यान? डावीकडे वळलो तर ह्या लोकांसमोर आपण घराकडेच हरतलो. ढाल जायत. ही एक लढत उजवीकडेच करया. पुढच्या वर्सापासून डावीकडे."

सासरे म्हणाले, "इचारलास कशाक मगे? देवाक इचारून त्याचा आयकाचा नाय?"

इतकी वर्षं ज्यांच्या शब्दाने सगळा सडा उजवीकडे फिरला, त्यांचा शब्द त्या दिवशी चहाच्या कपांबरोबर बाजूला राहिला. सगळे माझ्या नवऱ्याकडे बघत होते. तो पळणार नसेल तर उजवं काय आणि डावं काय. मीही दारातून त्याच्याकडेच बघत होते.

"ह्या एकदाच," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. लढतीच्या दिवसापर्यंत आमच्या घरात ताटं वाढली गेली आणि उचलली गेली, बस्स.

घरच्या प्रत्येक लढतीआधी राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान सासऱ्यांचा. त्या दिवशी त्यांनी नारळ दुसऱ्याच्या हातात दिला आणि बाजूला झाले. त्या दुसऱ्याने "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली, सगळा सडा "होय म्हाराजा" म्हणाला. मी म्हटलं नाही. सासऱ्यांनीही म्हटलं नाही. आम्ही दोघं शेजारी उभे होतो, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मला ते माझ्या बाजूचे वाटले.

शेवटच्या शर्यतीपर्यंत गुण सारखे होते. त्या शर्यतीत किनाऱ्याकडचा एकजण वळणावर पुढे निघाला, त्याची गाडी घसरली आणि तो नेमका ट्रॅकच्या मध्ये पडला. मागून माझा नवरा येत होता. ब्रेक मारायला हवा होता आणि ब्रेकचा पाय जमिनीवर होता. त्याने गाडी तशीच बाहेर काढली. पडलेल्याला चाकही लागलं नाही. गाडी मात्र नवऱ्याच्या उजव्या पायावर पडली आणि त्याला घेऊन कातळावर घासत गेली. आमचा दुसरा गडी मागून सरळ आला आणि पहिला आला. ढोल वाजायला लागले तेव्हा मी ट्रॅकवर बसून त्याचा बूट कापत होते.

गोव्याला नेलं. हाड जुळलं, आत धातूच्या पट्ट्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, शीर दुखावली आहे, तळव्याला कधी कळायला लागेल सांगता येत नाही. ढाल देवळात लावली, हार घातला.

आणि मग गावात बोलणं सुरू झालं. मासळी बाजारात एका बाईने मला बांगडे देता देता सांगितलं, "राखणदाराक उलटा फिरवूक बघलास, म्हणान ह्या झाला." म्हणजे दोष विचारणाऱ्यांचा. मला इतका संताप आला की मी बांगडे तिथेच टाकून घरी आले. सासऱ्यांना सांगितलं. ते काठी घेऊन थेट कप्तानाच्या गॅरेजवर गेले, चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर म्हणाले, "होकार देवाचो होतो. नकार तुमचो." आणि परत आले. त्यानंतर ते कौलाला गेले नाहीत.

चतुर्थी जवळ आली. चाकरमानी येतात, रिक्षाला श्वास घ्यायला वेळ नसतो. नवऱ्याने काठी टाकली होती, लंगडत का होईना चालत होता. एका सकाळी तो म्हणाला, "रिक्षा काढून बघतंय." मी नको म्हटलं नाही. त्याने ती नुसती सुरू केली, अंगणातच, आणि मला मागे जाऊन उभी राहायला सांगितलं. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो. पावलाला स्वतःला कळत नाही, तेव्हा कुणीतरी बघून सांगायला हवं.

"दाबलंय," त्याने पुढून विचारलं. "पेटलो?"

दिवा लागला नव्हता.

"नाय," मी म्हटलं.

इंजिन फटफटत राहिलं. सासरे पायरीवर बसून बघत होते.

"आता?"

त्याच्या ताणलेल्या खांद्यांवरून मला कळत होतं, तो अंगातला सगळा जोर काढून दाबत होता. हो म्हणावं असं फार वाटलं. पण हो म्हटलं असतं तर तो तसाच रस्त्यावर गेला असता, मागे माणसं बसवून.

"नाय," मी म्हटलं.

"आता बघ."