पानांवर पडलेला बर्फ

मीरा, निखिल,

आम्ही तळेगावहून कॅनडाला तुमच्या बाबांकडे निघालो, तेव्हा जीपपाशी माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "जाय बाई, पण भाऊजीले वापस घेऊन येजो."

"फेब्रुवारीत येतोच ना वहिनी," आजोबा म्हणाले. "तिकीट हाय. मले तिथं काय काम?"

आम्ही कायमचं राहावं, अशी बाबांची इच्छा होती. माझीही होती. संत्र्याची बाग पुतण्याकडे सोपवली होती. मी बस, लायब्ररी सगळं शिकून घेतलं. आजोबा मात्र खिडकीशी बसून राहत.

ऑक्टोबरात, झाडांवर पानं असतानाच बर्फ पडला. इतक्या लवकर इथेही पडत नाही. बोडक्या फांदीवरून बर्फ घसरतो, पानांनी तो धरून ठेवला. शेजारच्या मेपलची फांदी कडाडून मोडली. आपल्या अंगणातलं सफरचंद पार वाकलं होतं.

आजोबा चपलांवरच बाहेर धावले. "बांबू आणा!"

"बाबा, आत या. झाड गेलं तर दुसरं लावू," तुमचे बाबा हसत म्हणाले.

"हासून काऊन राह्यला? धर इकडून!"

फळांनी लगडलेल्या संत्र्याला आपल्याकडे बांबूचे टेकू देतात. साल सोलवटू नये म्हणून टोकाला गोणपाट गुंडाळतात. इथे झाडूचा दांडा, फावडं आणि निखिलची हॉकी स्टिक लागली. गोणपाटाऐवजी बाबांचे लोकरीचे मोजे.

बाबा फांदी हलवायला गेले, तर आजोबा ओरडले, "आधी टेकव, मंग झटक! बागाईतदाराचा पोरगा ना तू?"

एक फांदी गेली, बाकीच्या वाचल्या. चहा घेताना आजोबांनी विचारलं, "याले बहार कवा येते?"

"मे महिन्यात," तुमचे बाबा म्हणाले.

आजोबांनी कप खाली ठेवला. "मंग त्या तिकिटाचं काय ते पाह्यजो," म्हणाले.

आम्ही राहिलो. आजोबांनी त्या झाडाचे बरेच बहार पाहिले. आता ते नाहीत, आणि तुम्ही शिकायला आणखी दूर गेलात. फोनवर विचारता, आजी, तुझं घर नेमकं कुठलं?

गेल्या खेपेला मी तळेगावला होते. एप्रिल संपत आला तशी बॅग भरू लागले.

जाऊबाई म्हणाल्या, "एवढी घाई काऊन करून राह्यली?"

"घरी जायचं आहे," मी म्हणाले.

बॅगेत कपडे नीट बसत नव्हते, ते त्यांनी घडी घालून बसवून दिले.