मामूंचे नवे भागीदार

“सगळे बसले काय?”

हे विचारल्याशिवाय मामू कधी खुर्चीला टेकल्याचं मला आठवत नाही. कारखान्याच्या अंगणातली वार्षिक सभा असो, कुणाच्या लग्नाचं जेवण असो, नाहीतर आमच्या कचेरीतला चार माणसांचा चहा असो. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून ते उभे राहायचे आणि मान उंच करून मागच्या रांगेपर्यंत बघायचे. कुणी कुंपणाशी छत्री मिटत असेल, तर ती मिटून होईपर्यंत सभा थांबायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पंगतीत शेवटचं पान वाढून झाल्याशिवाय घास न घेणारा. पण अशा माणसाला कंपनीचा अध्यक्ष केलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं नसणार. मी पाहिलंय. आमची सभा ठरल्या वेळेला कधी म्हणून सुरू झाली नाही.

मामू खऱ्या नात्याने मोजक्यांचेच मामा होते, पण रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत. तरुणपणी ते आखातात एका शीतगृहात कामाला होते. परत आले ते बर्फाचा कारखाना काढायचं डोक्यात घेऊनच. पैसे पुरेनात, आणि कर्ज काढायला त्यांचं मन घेईना. व्याज देणं आणि घेणं दोन्ही त्यांना नकोसं वाटे. त्यात धर्म किती आणि स्वभाव किती, ते मला कधी कळलं नाही. शेवटी त्यांनी गावांनाच भागीदार करून घेतलं. चौल-नागावच्या वाडीवाल्यांनी सुपारीचे पैसे घातले, कोळीवाड्यातल्या बायकांनी मासळीचे घातले, मोहल्ल्यातल्या पोरांनी दुबईहून पाठवले. खाडीकाठी कंपनी उभी राहिली. तिचे शेअर बाजारात कधी गेले नाहीत, ते आपले ज्याच्या त्याच्या कपाटात साड्यांखाली पडून असत.

मी चौलची. लग्नानंतरही माहेरच्या गावातच राहिलेली, साळावच्या पुलावरून रोज एसटीने कारखान्यात जाणारी. हिशेब आणि कंपनीचे कायद्याचे कागद माझ्याकडे. मामू मला ‘हिशेबवाली’ म्हणत. रागावले की मात्र ‘बेटा’ म्हणत, म्हणजे ते रागावलेत हे मला लगेच कळे.

आमच्या सभेची एक रीत होती, ती कायद्याच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. सभा संपली की प्रत्येक सभासदाला घरी न्यायला बर्फाचा तुकडा मिळायचा, भुशात आणि गोणपाटात बांधलेला. लाभांश एखाद्या वर्षी हुकला तरी चाले, सभासदाचा बर्फ चुकायचा नाही. आमच्या वाडीतले आप्पा तर म्हणत, लाभांश बँकेत जातो, त्याचा काही पत्ता लागत नाही, बर्फ निदान सरबतात दिसतो.

मग ते वादळ आलं. वाड्या आडव्या झाल्या ते तुम्ही ऐकलं असेल. आमच्या कारखान्याचे पत्रे खाडीपलीकडे जाऊन पडले आणि यंत्रात खारं पाणी शिरलं. होड्या बर्फासाठी अलिबागला जायला लागल्या, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक काही आपण होऊन परत येत नाही. बँकेने कागदांची यादी दिली आणि व्याजाचा आकडा सांगितला. तो ऐकून मामू उठून नमाजाला निघून गेले, वेळ झाली नव्हती तरी.

तेव्हा मुंबईची ती गुंतवणूकदार मंडळी आली. त्यांच्यातल्या एकाचा अलिबागकडे बंगला होता, तिथून कुणाकडून तरी ओळख निघाली. माणसं सभ्य होती. त्यांनी जे देऊ केलं त्याला कागदावर ‘परिवर्तनीय कर्जरोखे’ म्हणतात, अंगणात सगळे ‘बाँड’ म्हणायला लागले. सभेत ते समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हटलं, ही मंडळी आता आपल्याला कर्ज देणार, व्याज बँकेच्या निम्म्यानं. पाच वर्षांनी त्यांची मर्जी. पैसे परत घेतील, नाहीतर पैशाऐवजी शेअर घेतील, तेही आज ठरलेल्या भावाने. कंपनी रडतखडत चालली तर ते सावकार राहतील आणि त्यांचा पैसा आपल्याआधी फेडावा लागेल. कंपनी वर आली तर ते भागीदार होतील, कर्ज फिटलं असं समजायचं, पण आपल्या सगळ्यांचा वाटा पातळ होईल. व्याज स्वस्त आहे ते या मर्जीपायी.

कोळीवाड्यातली हिराबाय पुढेच बसली होती. ती म्हणाली, “म्हंजे पाच वरसां उंबऱ्यावर बसनार, न् घरात चांगला शिजला का मंग आत येनार. असला जावय मना नको.”

अंगण हसलं. मी हसले नाही, कारण माझ्या सगळ्या कागदांत इतकं स्वच्छ काही लिहिलेलं नव्हतं. शिवाय शेअरचा भाव ठरत होता तो डोक्यावर पत्रा नसताना, म्हणजे अगदी पडेल. पुढेमागे त्यांनी शेअर घेतले, तर अर्ध्याहून जास्त कंपनी त्यांची होणार होती. मी तेही सांगितलं.

मामू खुर्चीमागून पुढे आले. ते म्हणाले, “सावकार येतो तो तारीख बघायला येतो. भागीदार येतो तो बर्फ बघायला. ही माणसं उद्या आपल्यात आली तर वाईट काय हाय? मला तर कर्जापेक्षा तेच बरं वाटतं.”

ठराव झाला. हिराबायनेही हात वर केला, कारण होड्यांना बर्फ हवाच होता.

त्या दिवसापासून मामूंना एकच ध्यास लागला. ती माणसं आत यायला हवीत. बाकीच्या सभासदांना ज्याची धास्ती, त्याची हे वाट बघत बसलेले. नवं यंत्र आलं, पत्रे चढले, मासळी ठेवायला शीतगृहाची एक खोली वाढली. व्याज थोडं असल्याने हातात पैसा खेळता राहिला, हे मी नाकारत नाही. गेलेल्या होड्या परत आल्या. पावसाळ्यानंतर डिझेल भरण्यातच ज्यांचे पैसे संपत, त्या लहान होड्यांना मामू पहिल्या फेरीचा बर्फ उधार देत, आणि ती माणसं नंतर दुसरीकडे पाऊल टाकत नसत. बर्फाची लादी साच्यातून निघाली की मामू तिच्यावर ओला हात फिरवत आणि आरपार दिसतं का बघत. दिसलं की म्हणत, “हिशेबवाली, आता येतील बघ.”

एकदा मी चिडून म्हटलं, “मामू, कंपनी जितकी चांगली चालेल तितकी ती आपल्या हातून जाईल. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतं की. मग काय करू बेटा? मुद्दाम वाईट चालवू?”



मुदत भरत आली आणि मुंबईहून पत्र आलं. त्यांना पैसे नको होते, शेअर हवे होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामूंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी म्हटलं, कंपनीवरचं कर्ज एका दिवसात पुसलं गेलं, ताळेबंद इतका स्वच्छ कधी नव्हता. पण मतं आता त्यांची जास्त. तुम्हाला अध्यक्ष ठेवायचं की नाही, हे आता तेच ठरवणार.

“माहीत हाय मला,” ते म्हणाले. “घरात माणूस वाढलं की सरकून बसावं लागतं. पण पैसे घेऊन जाता आले असते ना त्यांना? गेले नाहीत. आपल्यात आले.” आणि मग, “सभेला पुढची रांग त्यांची.”

मी सांगून पाहिलं की अशी माणसं सभेला येत नाहीत, मुंबईत बसून मत देतात, तशी आता सोय आहे. मामूंना ते पटेना. ज्याचा कारखाना तो कारखाना बघायला येणार नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. एवढी वर्षं ते त्याच एका गोष्टीसाठी राबले होते, आणि मी ती पुसायला निघाले होते. मग मी पुढच्या रांगेच्या खुर्च्या मोजायला घेतल्या.

त्या वर्षीची सभा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अंगणात मांडव घातला होता. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर मामूंच्या घरातल्या धुतलेल्या चादरी होत्या. त्यांच्या सुनेने तांदळाची सांदणं केली होती, आप्पांनी वाडीतली शहाळी पाठवली होती. मुंबईहून रो-रो बोटीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी मामूंचा भाचा सकाळीच जीप घेऊन मांडव्याला गेला होता. आणि खुर्च्यांच्या बाजूला, गोणपाटाखाली, नव्या भागीदारांचा बर्फ होता. तुकडा नव्हे, अख्खी लादी. मामूंनी आदल्या दिवशी स्वतः निवडलेली.

भाच्याचा फोन आला. बोट लागली, माणसं उतरली, आपलं कुणी नाही. मामूंनी त्याला थांबायला सांगितलं.

वेळ झाली तसा मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर एक तरुण दिसला, नव्या भागधारकांचा अधिकृत प्रतिनिधी. नम्र मुलगा होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि विचारलं, सुरू करायचं का.

मामूंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मान उंच करून मागपर्यंत बघितलं. मागे सगळे बसले होते. मग त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

सभा सुरू झाली आणि मामू उभेच. हिशेब मंजूर झाले. नफा पूर्वीपेक्षा वाढलेला, पण वाटेकरी वाढल्यामुळे दर शेअरमागे लाभांश कमी. पुढचा विषय मामूंचा. संचालक म्हणून त्यांची मुदत संपत होती आणि पुन्हा नेमणूक सुचवलेली नव्हती. त्या मुलाने त्यांच्या कार्याबद्दल आभाराचे चार शब्द वाचले, चांगले वाचले. मग त्याला पडद्यातून काहीतरी खटकलं असावं.

“सर, आपण बसून घ्या ना,” तो म्हणाला.

“बसतो,” मामू म्हणाले. “सगळे आले की बसतो.”

त्या मुलाला वाटलं अजून कुणी गावकरी यायचेत. त्याने मान डोलावली आणि मतं नोंदवली.

सभा आटोपली. लोकांनी आपापला बर्फ घेतला आणि कुणी रेंगाळलं नाही. हिराबाय तेवढी थांबली. लादीखालून पाणी वाहत खुर्च्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. ती हळूच म्हणाली, “मामू, पानी झाला त्याचा. फोडून वाटून टाकू?”

“राहू दे,” मामू म्हणाले. “पुढच्या बोटीने येत असतील.”

मी टेबल आवरत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या मुंबईकरांनी आम्हाला फसवलं नव्हतं. जे लिहून दिलं ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. आम्ही येऊ, असं त्यांनी कधीच कुठे लिहिलं नव्हतं.

मामू त्यानंतर कारखान्यात येत राहिले. नव्या व्यवस्थापकाला कसलीही आडकाठी न करता कोपऱ्यात उभे राहून लादी बघून जायचे. थंडीत त्यांना ताप आला आणि त्या तापातच ते गेले. मय्यतीला कोळीवाडा बंद होता आणि वाडीवाले पायी आले होते. मुंबईहून कंपनीच्या नावाने फुलांचं मोठं चक्र आलं. मामूंनी ते बघितलं असतं तर विचारलं असतं, फुलं घेऊन आलंय कोण?

कंपनी छान चालली आहे, खोटं कशाला बोलू. पगार वेळेवर होतो, बँक आता आपण होऊन कर्ज देते, होड्यांना बर्फ मिळतो. लहान होड्यांची उधारी तेवढी बंद झाली. सभासदाचा बर्फही बंद झाला, कारण सभाच आता पडद्यावर होते. दुपारी लाद्या निघायच्या वेळेला मी अजून कचेरीच्या दाराकडे बघते. ‘हिशेबवाली’ म्हणून हाक मारणारं तिथे कुणी नाही. मला मामूंची फार आठवण येते, आणि ती यायला सभेचा दिवसच लागतो असं नाही.

यंदाची सभा मी कचेरीतूनच केली. अंगणात मासळीचे क्रेट रचलेले होते. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं आली. मुंबईची आली, आप्पा आले, नातीने फोन धरून दिलेली हिराबाय आली. सगळी गळ्यापर्यंतच दिसत होती. कोण बसलंय आणि कोण उभं आहे, काही कळायला मार्ग नव्हता. नव्या अध्यक्षांनी ठरल्या वेळेला सभा सुरू केली.

मी खुर्ची मागे सारली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. सभा संपेपर्यंत. कुणाला दिसलं नाही.