सिस्टरच्या पाठीमागची खूण

वॉर्डात त्या सिस्टरला सगळे हेडमास्तरीण म्हणत. स्ट्रोकच्या प्रत्येक पेशंटची ती दर थोड्या वेळाने परीक्षा घेई: डोळे मिटा, मूठ वळा, हात वर धरा, ह्याला काय म्हणतात सांगा. पेशंट चुकला तर ती रागावत नसे. नातेवाइकाने आगाऊपणा करून उत्तर पुरवलं, तर मात्र त्याची धडगत नसे. बसमध्ये शेजारच्याचा ओठ एका बाजूला उतरलेला दिसला, तर ती त्यालाही बिनदिक्कत हसून दाखवायला सांगे. त्यापायी शिव्याही खाल्ल्या होत्या.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. आदल्या संध्याकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला होता; औषधाने बराच सुधारला होता.

“काका, डोळे मिटा.”

मिटले, उघडले.

“मूठ वळा.”

वळली.

“बरं वाटतंय ना?”

“हो, हो.”

सगळं झकास. तरी तिला चैन पडेना. काका तिच्याकडे बघतच नव्हते, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. ती गर्रकन वळली. मागे त्यांची बायको मूठ वळून उभी!

“काकू! कॉपी पुरवताय?”

“अहो, यांना ऐकू कमी येतं. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. कानाला मशीन लावा म्हटलं, तर म्हातारा दिसेन म्हणतात. मग चारचौघांत मीच मागून खुणा करते. कळलं नाही तरी हो हो म्हणायची खोडच आहे त्यांना.”

हे कान, की मेंदू? तिने काकूंना पडद्याबाहेर काढलं, काकांना चष्मा चढवला आणि औषधाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून समोर धरलं: जीभ दाखवा.

ज्या माणसाचा जन्म अक्षरं जुळवण्यात गेला, तो त्या खोक्याकडे कोऱ्या नजरेने बघत राहिला. “हो, हो,” म्हणाला.

तिने डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले. “कधीपासून? रात्रीपासून असेल तर फारसं काही करता येणार नाही. आत्ताचं असेल, तर मेंदूतली गुठळी काढता येईल.”

काकू पदराशी चाळा करू लागल्या. “मला रागावणार नाही ना?”

“रागावेन. नंतर भरपूर रागावेन. आधी सांगा!”

“पहाटे चांगले बोलत होते. उशी नीट लावली नाहीस म्हणून माझ्यावर खेकसले. मग चहा आला तेव्हा… पेपर उलटा धरला होता. मी हसले. म्हटलं, छापखान्यातले उलटे खिळे वाचायची सवय अजून जात नाही वाटतं! तर हो हो म्हणाले.” काकूंनी पडद्याकडे पाहिलं. “मी हसले हो.”

“चहाची गाडी आत्ताच तर गेली,” हेडमास्तरीण डॉक्टरांना म्हणाली. खाट हलली. स्कॅन झालं, मग मांडीतून नळी घालून गुठळी निघाली.

संध्याकाळी काका वॉर्डात परत आले. काकूंना तिने पडद्याआड उभं केलं होतं. तिने काकांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, “डोळे मिटा.”

काही नाही. तिने पुन्हा सांगितलं. काकांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, तिथे कुणी नव्हतं. कपाळाला आठी पडली.

“कुठे… गेली ही?”

पडद्यामागून हुंदका आला. “शू!” हेडमास्तरणीने दटावलं. परीक्षा अजून संपली नव्हती.