भावजी आणि न वठलेला शिरीष

शुद्धलेखन माझं कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात. पण एक गोष्ट मी खात्रीने लिहिते. पाइनचं झाड जन्मात न बघता त्याच्यावर एवढा जीव लावणारा माणूस आमच्या भावजींखेरीज साऱ्या कल्याणात सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात परदेशातून मशिनं पाइनच्या पेट्यांतून यायची. मशिनं कारखान्याला, फळ्या भावजींना. देव्हारा, पाट, चपलांचं कपाट, सगळं पेटीचं. देव्हाऱ्याच्या मागे अजून परदेशी अक्षरं आणि ‘भिजवू नका’च्या खुणेची उलटी छत्री छापलेली आहे. पाहुणा आला की आधी फळीचा वास घ्यायला लावतात, मग पाणी देतात.

पाण्यासोबत शिकवणी. सुईसारख्या पानांची ती सूचिपर्णी. ती पानं थोडी थोडी गाळतात म्हणून बारा महिने हिरवी दिसतात. दुसरी पानगळीची, ती एका हंगामात सगळं टाकून उघडी होतात, पाणी वाचवतात आणि पुन्हा नेसतात. माणसंही याच दोन जातींची, असं त्यांचं ठाम मत. वन्संना ते सूचिपर्णी म्हणतात, कारण रोज थोडं थोडं टोचतात. वन्सं म्हणतात, हे पानगळीचे, पगार झाला की आठवड्यात उघडे. एकदा केळव्याच्या किनाऱ्यावर आमच्या ह्यांनी सुरूकडे बोट दाखवून, हीच ना तुमची सूचिपर्णी, असं विचारलं. भावजींनी पाण्यात पाय बुडवायच्या आधी, सुरू नुसता दिसायला तसा, बाकी सगळं सोंग, हे समजावण्यात भरती घालवली. सूचिपर्णी असूनही सगळी पानं एकदम गाळणारं एक झाड असतं, हे भाच्याने मोबाईलवर दाखवलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "माणसांत नसतात का असली?" आणि दोन वेळचं एकदम जेवले.

माझं घर तळमजल्यावर. मी पोळ्या-पापडांच्या ऑर्डरी घेते. खिडकीसमोर शिरीष आहे. थंडीत तो उघडा होतो, नुसत्या वाळक्या शेंगा वाजतात, पण पापडांना ऊन मिळतं. उन्हाळ्यात पालवतो, म्हणून दुपारी शेगडीपाशी उभं राहवतं. यंदा नव्या कमिटीने ठरवलं, झाड वठलंय, गाड्यांवर पडेल, तोडून होळीला पेटवू. त्या जागी घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत असतात तशी ख्रिसमसची झाडं लावू. घरटी वर्गणी निघाली. मीही दिली. रात्री ह्यांना म्हटलं, ह्या उन्हाळ्यात ऑर्डरी बंद कराव्या लागतील.

लाडकी सूचिपर्णी झाडं दारात येणार, तर भावजी हरखतील असं सगळ्यांना वाटलं होतं. भावजी पेटीचं स्टूल घेऊन खाली उतरले, चढले आणि फांदी नखाने खरवडून सेक्रेटरींना दाखवली. आत हिरवी होती.

"काका, एक फांदी ओली म्हणजे झाड जिवंत होत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"सूचिपर्णीला बारा महिने एकच काम जमतं. हा थंडीत ऊन देतो, उन्हाळ्यात सावली. आमच्या वहिनींना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "पापड वाळतात."

कुणीतरी हसलं. पण सेक्रेटरींच्या घरी माझेच पापड जातात. पाडव्यापर्यंत थांबतो, ते म्हणाले. होळी वखारीच्या लाकडांवर झाली.

मग रोज सकाळी भावजी झाडाखाली मान वर करून उभे. वन्सं वरून विचारायच्या, काय, बारसं कधी? झाड काही हलेना. पाडव्याच्या आदल्या दिवशी भावजींनी चहासुद्धा झाडाखालीच घेतला. आणि पाडव्याला गॅलरीत गुढी बांधताना वन्संच ओरडल्या, अहो, इकडे या. शेंड्याला कोवळी पानं होती. खालून ती दिसतच नव्हती. मी पिठाच्या हातांनी वर धावले आणि तशीच रडले.

आता खिडकीत हिरवी सावली आहे. भावजी थकलेत, खाली खुर्ची टाकून बसतात. काल कमिटीचे खजिनदार वर्गणी परत देऊन गेले. भावजींनी खिडकीबाहेरून विचारलं, "वहिनी, पूर्ण आले ना?"

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं.

"पूर्ण आले," मी म्हणाले. ते पुन्हा वर बघायला लागले.